मामांचा गंजीफ्रॉक आणि लांडगे

परवा नातीचा मित्र जेवायला आला होता. पोरगा बरा आहे, वाढलेलं सगळं संपवतो. तो शिकारीला जातो हे नातीने आधीच सांगून ठेवलं होतं आणि जावयाच्या कपाळाला तेव्हाच आठी पडली होती. त्यामुळे कोशिंबीर वाढून होते न होते तोच विषय तिकडे गेला. पोरगा म्हणाला, डोंगरात आता एल्क, म्हणजे इकडची मोठाली सांबरं, शिल्लकच नाहीत, लांडग्यांनी खाऊन टाकले. जावई म्हणाला, लांडगे तिथे तुझ्या बंदुकीच्या आधीपासून आहेत. मग दोघांचे आवाज चढले, इंग्रजी भरभर झालं, आणि मी आमटी गरम करायच्या निमित्ताने उठून ओट्याशी उभी राहिले. हल्ली मी लवकर दमते, पण हे दमणं वेगळं होतं. हीच वाक्यं मी पोरवयात ऐकली आहेत. तेव्हा आमटीच्या जागी एल्कचा रस्सा असायचा, बाकी काही बदललेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर मी लिहायला बसले. मी मराठीत लिहिते, कारण मला तेवढंच येतं. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वाचन इथल्या मराठी मंडळाच्या पेटीतल्या पुस्तकांवर झालं. या घरात मराठी वाचणारं दुसरं कोणी नाही, तेव्हा संकोचही वाटत नाही.

आई गेल्यावर मामांनी मला कॅनडात आणलं. मामा अल्बर्टात एका लाकडाच्या गिरणीत यंत्रांची देखभाल करायचे. डोंगरांच्या पायथ्याशी गाव होतं. एक रस्ता, एक दुकान, एक पेट्रोल पंप आणि ती गिरणी. आमचं घर गावाच्या टोकाला, त्याच्या मागे लगेच झाडी सुरू व्हायची. घर लाकडाचं होतं. थंडी वाढली की भिंती कडकड वाजायच्या आणि मामी दचकून "कोण आहे?" म्हणायची. करवतीचा आवाज दिवसभर यायचा, इतका की रविवारी तो थांबला की कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मामी माण तालुक्यातली, माणसांच्या गजबजाटात वाढलेली. इथे तिला बोलायला मी एकटी, आणि मी तर बोलायचीच नाही. मला शाळेत घातलं होतं. इंग्रजी येत नाही म्हणून लहान मुलांच्या वर्गात बसवलं. गुडघे टेबलाला लागायचे. बाईंनी काही विचारलं की घशातून आवाजच निघायचा नाही आणि पोरं वळून बघायची. काही महिन्यांनी मी जायचं सोडून दिलं. कोणी फार आग्रहही केला नाही, मामीला हाताखाली माणूस हवंच होतं.

माझी शाळा म्हणजे खरं तर ओल्गाचं स्वयंपाकघर. ओल्गा आणि तिचा नवरा वॉल्टर शेजारच्या घरात राहायचे. दोघं म्हातारी. वॉल्टर गिरणीतून निवृत्त झालेला, आणि मामांना बंदूक धरायला शिकवलं ते त्याने. दुपारची भांडी झाली की मी त्यांच्या मागच्या दाराने आत जायची. ओल्गाचे आईवडील युक्रेनहून आलेले. ती बटाटा भरून करंज्यांसारखं काहीतरी करायची, पाण्यात उकडायची आणि लोण्याकांद्यावर परतायची. पहिल्यांदा मी तिच्या हाताखाली बसले तेव्हा सवयीने कडेला मुरड घातली. तिने ती करंजी हातात घेऊन उजेडात धरली, वॉल्टरला हाक मारून दाखवली, आणि त्या दिवसापासून कडा दुमडायचं काम माझं झालं. तिथे माझ्या तोंडून पहिले इंग्रजी शब्द निघाले. पीठ, मीठ, गरम, धुणं, वाळवणं, एवढेच. ऐकलेलं मात्र हळूहळू कळायला लागलं. मी चुकले तर ओल्गा दुरुस्त करायची नाही, नुसता बरोबर शब्द हळूच परत म्हणायची, जणू तो तिने स्वतःसाठीच म्हटला. माझं नाव हौसा, ती "होसा" म्हणायची. त्या गावात मी जिथे घाबरत नव्हते अशी तेवढी एकच जागा होती. मामीला ते कळायचं. "जा बाई, ये तोंड उघडून," असं ती म्हणायची.

पानं पिवळी पडायला लागली की शिकारीचे दिवस यायचे आणि संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात पुरुष जमायचे. मामीचा चहा आणि रस्सा गावात माहीत झाला होता. एल्कच्या मांसाला चरबी नसते. नीट नाही शिजवलं तर चामड्यासारखं लागतं. मामी ते दह्यात ठेवायची, कांदाखोबरं भाजून घालायची आणि शेगडीवर मंद ठेवून द्यायची, घरभर वास यायचा. मामांसोबत दोघं असायचे, वॉल्टर आणि डेल. डेल तिशीतला, उंच, मोठ्याने हसणारा. शहरातल्या पैसेवाल्यांना डोंगरात नेऊन एल्क मारून द्यायचा त्याचा धंदा होता. एल्क म्हणजे सांबराच्या जातीचं, पण घोड्याएवढं जनावर. तो मारायला सरकारी परवाना लागतो आणि मारला की परवान्याचा टॅग त्याला बांधावा लागतो. लांडग्यांचा विषय निघाला की डेल याच टॅगवर यायचा.

"मी टॅगचे पैसे भरतो. माझी गिऱ्हाइकं भरतात. लांडग्याला कोणी टॅग विचारतं का?"

"तू विचारून बघ," वॉल्टर म्हणायचा. "काय म्हणाला ते परत येऊन सांग. परत आलास तर."

"हस तू. मागच्या साली त्या ओढ्याकाठी कळप होता. आता तिथे नुसती हाडं आहेत."

"कळप ओढ्याकाठी बसून नाही राहिला, वर गेला. लांडगा आहे म्हणून एल्क चरताना मान वर करतो. तो नसता तर तुझ्या गिऱ्हाइकांनी गोठ्यातल्या गाई मारल्यासारखे मारले असते. मग तुला कोण कशाला पैसे देईल?"

वॉल्टर काही साधू नव्हता. त्याने स्वतः लांडगे मारले होते आणि ते लपवायचाही नाही. "माझं वासरू नेलं तेव्हा मारला. वासरू माझं होतं. एल्क माझा कसा? मी पाडेपर्यंत तो कोणाचाच नाही," असं म्हणायचा. मामा दोघांनाही माना डोलवायचे. जो शेवटी बोलेल तो त्यांना पटायचा. त्यांना त्या दोघांतला तिसरा व्हायचं होतं, एवढंच. इतक्या वर्षांनी मला त्याचं हसू येत नाही. गिरणीत त्यांच्या डब्याच्या वासावरून लोक नाक मुरडायचे. शिकारीला मात्र कोणी काही म्हणायचं नाही.

एकदा मामांनी विचारलं, "पाडल्यावर तरी माझा ना?"

"पाडल्यावर तुझा," वॉल्टर म्हणाला. "पण जनावर मोठं, एका खेपेत खाली येत नाही. अर्धं वर ठेवून घरी झोपायला आलास की मग ते कोणाचं, हे तिथे कोण आधी पोचतो त्यावर." आणि मग त्याने त्याची युक्ती सांगितली. एक जुना गंजीफ्रॉक घ्यायचा. कामावर आठवडाभर तोच घालायचा, धुवायचा नाही. घामाने चांगला कुबट झाला की पिशवीत घट्ट बांधून ठेवायचा. मांस वर ठेवायची वेळ आली की तो त्याच्यावर पसरायचा. लांडग्याला माणसाचा वास आला की तो एक रात्र तरी लांब राहतो. डेल हसला, पण मामांनी तसा गंजीफ्रॉक तयार केला आणि मागच्या शेडमध्ये खिळ्याला टांगला. ओल्गाने दुसऱ्या दिवशी मला हातवारे करून सगळं समजावलं, नाक धरून दाखवलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

त्या साली गिरणी बंद पडली. लाकडाला भाव नाही, असं काहीतरी कारण होतं. करवत थांबली ती थांबलीच आणि आठवड्याचे सगळेच दिवस रविवारसारखे झाले. मामा घरात बसून राहायचे, खिडकीतून डोंगराकडे बघत. एक एल्क मिळाला तर हिवाळा निघेल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण फ्रीझर रिकामा करून पुसून ठेवला होता. त्यात नवरात्र आलं. मामीने घट बसवायचे ठरवले होते, इथे आल्यापासून पहिल्यांदाच. आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं चिंधूक न चिंधूक धुवायचं, गोधड्या, पडदे, अंथरुणं, अंगावरचं, पेटीतलं, सगळं. गावाकडे ओढ्यावर बायांचा दिवसभर धबधबा चालायचा. इथे बाथटबमध्ये पाणी भरून आम्ही दोघी पायांनी गोधड्या तुडवत होतो. मामी त्या दिवशी गाणं म्हणत होती. शेडमध्ये जाऊन ती एक पिशवी घेऊन आली, गाठ सोडली आणि तोंड फिरवलं. "ह्या बाप्याला काय म्हणावं! घाणेरडा गंजीफ्रॉक जपून ठेवलाय!" मी काही सांगायच्या आत तो साबणाच्या पाण्यात गेला होता. मी म्हटलं, "मामी, तो तसाच ठेवायचा असतो." "दसऱ्याला? माझ्या घरात?" असं म्हणून तिने त्याला निळीतून काढला. वाळल्यावर घडी केली आणि जागच्या जागी ठेवावा म्हणून त्याच पिशवीत घालून खिळ्याला टांगला. मामांना सांगेन असं मी ठरवलं, पण त्या दिवसांत मामांशी कोणीच बोलत नव्हतं.

घट बसले. थंडीने धान उगवेना म्हणून मामीने घट शेगडीजवळ आणले. घरात मांसाहार बंद झाला, आणि नेमके तेव्हाच मामा बंदूक घेऊन निघाले. "अहो, घटांत जीव मारायला निघालात?" मामी म्हणाली. "देवीला सांग सीझन पुढे ढकलायला," मामा म्हणाले आणि डेलच्या ट्रकमध्ये जाऊन बसले. संध्याकाळी तिघं आले तेव्हा मामांच्या कोटाला रक्त होतं आणि चेहरा पोरासारखा झाला होता. त्यांनी एल्क पाडला होता, पहिला. मागच्या तंगड्या खाली आणल्या होत्या, त्या वॉल्टरच्या शेडमध्ये टांगल्या, कारण आमच्या घरात घट होते. पुढचं सगळं वर झाडाखाली ठेवलं होतं. "गंजीफ्रॉक पांघरून आलोय," मामा मला म्हणाले. एरवी ते मला असलं काही सांगायचे नाहीत. मी "मामा," म्हणाले, पण ते मामीला बोलवायला आत गेले होते. आणि मला वाटलं, आता सांगून काय होणार, अंधारात वर कोण जाणार.

सकाळी ते परत वर गेले आणि दुपार व्हायच्या आत रिकाम्या हातांनी आले. लांडग्यांनी सगळं खाल्लं होतं. बरगड्या फक्त उरल्या होत्या. मामांनी तो गंजीफ्रॉक आणून टेबलावर टाकला. बर्फात पडलेला होता, एका बाजूला रक्ताचा डाग, बाकी पांढराशुभ्र. मामी म्हणाली, "अगं बाई, परत मळवला!" आणि उचलून घेऊन गेली. माझ्याजवळून नेताना त्याला साबणाचा वास आला. मामा वॉल्टरकडे वळले. त्यांचं इंग्रजी रागात नीट यायचं नाही, पण तेव्हा आलं. "तुझ्यावर विश्वास ठेवला. तुझी युक्ती, तुझे लांडगे. माझ्या पोरांच्या तोंडचं गेलं." त्यांना पोरं नव्हती, मी होते. वॉल्टर उठला. टोपी घेतली आणि गेला. मग मामा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "आणि तू. त्यांच्या घरी पाऊल टाकायचं नाही."

त्यानंतरच्या दुपारी फार लांबल्या. भांडी होऊन जायची आणि मी ओट्याशीच उभी राहायची. पलीकडे ओल्गाच्या चिमणीतून धूर दिसायचा. एकदा ती कुंपणाशी आली, हात वर केला, आणि मी खिडकीतून बाजूला झाले. माझ्या आयुष्यात तेव्हा तेवढं एकच दार उघडं होतं आणि ते कोणत्या कारणाने बंद झालं हे मला पक्कं माहीत होतं. मामीला मी सांगितलं. ती म्हणाली, "गंजीफ्रॉकाने लांडगे पळतात होय? काहीतरीच. आणि आता बोलू नको, पेटलेत ते."

दोन-तीन दिवसांनी डेल आला. जिथे मांस खाल्लं तिथे लांडगे परत येतात, म्हणून तिथे तारेचे फास लावायचे असं त्याने ठरवलं होतं आणि मामा त्याच्यासोबत जाणार होते. तारेची भेंडोळी त्याने आमच्या टेबलावर ठेवली. तेवढ्यात वॉल्टर आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"तार नको लावूस, डेल. तार बघत नाही कोणाची मान आहे ती."

"माणसाच्या वासाचं कापड होतं त्याच्यावर," डेल म्हणाला. "तुझंच म्हणणं, वास आला की लांब राहतात. नाही राहिले. म्हणजे ह्यांची भीती गेली. आज एल्क खाल्ला, उद्या ही पोरगी दुकानात चालली असेल." त्याने बोट माझ्याकडे केलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाळेत बघायचे तसे. माझ्या हातात कपबश्यांचा ट्रे होता. मी तो खाली ठेवला. मला वाटलं आवाज निघणार नाही, पण ओल्गाच्या टेबलावरचे शब्द एकेक करून आले. "नो स्मेल," मी म्हणाले. "वी वॉश. सोप."

कोणाला कळलं नाही. मी आत गेले, गंजीफ्रॉक आणला, मामीने तो परत धुवून ठेवला होता, आणि नाकाला लावून दाखवला. "बिफोर. बिफोर एल्क. वॉश, ड्राय." मामी दारातून मराठीत म्हणाली, "हो, मीच धुतला. दसऱ्याला कोण ठेवतं असलं घरात?"

मामांचा चेहरा उतरला. वॉल्टरने माझ्याकडे बघितलं, मग त्या गंजीफ्रॉकाकडे, आणि भिंतीला टेकून हसायला लागला, खोकला येईपर्यंत. डेलही हसला. "म्हणजे बाईसाहेबांनी लांडग्यांना धुतलेला नॅपकिन पाठवला! काय पाहुणचार!" मामांनी ते मामीला सांगितलं नाही. मला म्हणाले, "हौसे, आत जा."

मला वाटलं होतं, आता फास लागणार नाहीत. मी लहान होते. डेलने हसून डोळे पुसले आणि तारेचं भेंडोळं उचललं. म्हणाला, एका गंजीफ्रॉकाने काही ठरत नाही, तिथे आपले हात लागले होते, बूट लागले होते, तरी आलेच ना ते. कदाचित त्याचं बरोबरही असेल. लांडग्याच्या मनातलं मला काय कळतं? एवढंच कळलं की डेलने लांडगे मारायचं आधीच ठरवलं होतं आणि वॉल्टरने न मारायचं, आणि मी काहीही आणून दाखवलं असतं तरी दोघं आपापल्या जागी तसेच राहिले असते. मामा मात्र गेले नाहीत. डेलने ट्रकचा भोंगा वाजवला, ते खिडकीशी उभे राहिले, आणि ट्रक निघून गेला. डेलच्या फासात एक लांडगी सापडली, अंगाने लहान. दुकानासमोर ट्रकमध्ये ठेवून त्याने लोकांना दाखवली. वॉल्टर बघायला गेला, तिच्या कानामागे हात लावून उभा राहिला आणि घरी आला. पुढच्या साली तो आणि डेल परत एकत्र शिकारीला गेले, वाटभर तेच भांडण करत.

मामा घरात कोणाशी बोलत नव्हते. मी चारचौघांत त्यांना हसवलं होतं, आणि तेही त्या लोकांसमोर ज्यांच्यात बसायला त्यांनी इतकं केलं होतं. ते मला तेव्हाही कळत होतं. जेवताना ते त्यांच्या ताटाकडे बघायचे, मी माझ्या. मामी दोघांमध्ये मीठ सरकवायची.

दसऱ्याला घट उठले. दुपारी मागचं दार वाजलं. मामांनी उघडलं. ओल्गा होती, हातात कागदात बांधलेले मांसाचे मोठे पुडे, आणि मागे ढकलगाडीत आणखी. आमच्या तंगड्या तर होत्याच, पण वॉल्टरलाही मधल्या दिवसांत एल्क मिळाला होता आणि त्याचा अर्धा भाग तिने आणला होता. मामा म्हणाले, "नको, हा तुमचा आहे." ओल्गाने ते ऐकलंच नाही, पुडे त्यांच्या हातांवर ठेवत गेली, एकावर एक, हनुवटीपर्यंत. मग त्यांच्या खांद्यावरून आत बघत तिने विचारलं, "होसा कुठे आहे? पीठ मळून ठेवलंय मी." आणि उत्तराची वाट न बघता रिकामी गाडी ढकलत परत गेली.

मामांनी पुडे फ्रीझरमध्ये लावले. मी त्यांच्या मागे उभी होते. ते नळाशी गेल्यावर मी म्हणाले, "मामा, मी जाऊ ओल्गाकडे?"

त्यांनी वळून बघितलं नाही. "मला कशाला विचारतेस? तुला आता बोलता येतं."

त्यात राग किती होता आणि दुसरं काय किती, ते मला आजही सांगता येणार नाही. मामा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी नळ सोडला आणि हात धुवायला लागले, बराच वेळ धुत राहिले. मी कोट अंगावर घेतला आणि गेले.